पैशाच्या डब्यातला इतिहास

भगिनींनो, घरात पैसा कोण कमावतो याची उत्तरे घरोघरी निराळी असतील. पण तो मोजतो कोण, याचे उत्तर बहुतेक घरांत एकच आहे. दूधवाला, भाजीवाली, किराणा, मुलांच्या वह्या, भिशीचा हप्ता! दिवसाकाठी किती नोटा आपल्या हातांतून जातात! पण या नोटांच्या पाठीवर कसले चित्र आहे, असे कुणी एकदम विचारले तर आपल्यापैकी किती जणी सांगू शकतील? पुढचे गांधीजी सर्वांना ठाऊक. मागचे चित्र मात्र आपण रोज पाहतो आणि कधीच पाहत नाही.

आमच्या शेजारची तिसरी-चौथीतली मुले दुपारी माझ्याकडे असतात. त्यांच्या आया नोकरीला जातात. मुलांचे डोळे आपल्यासारखे सरावलेले नसतात, म्हणून हा प्रश्न त्यांनी विचारला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा मंडळाच्या वाचनालयातली पुस्तके काढली, थोरल्या पुतण्याला विचारले, आणि एकेक नोट हाती घेऊन मुलांना तिची गोष्ट सांगू लागले. २०१६ पासून निघालेल्या नव्या नोटांपैकी सहा नोटांवर आपल्या देशाची सहा प्राचीन स्मारके आहेत. मुलांना सांगण्यासारखे जे मला गवसले, ते आज आपणापुढे ठेवते.

दहाच्या नोटेवर आहे ओरिसातील, म्हणजे आताच्या ओडिशातील, कोणार्कच्या सूर्यमंदिराचे चाक. तेराव्या शतकात पूर्व गंग घराण्याच्या नरसिंहदेव राजाने हे मंदिर बांधवले. सारे मंदिर म्हणजे सूर्याचा रथच: चोवीस चाके आणि सात घोडे. एकेक चाक दीड पुरुष उंचीचे. मुख्य शिखर केव्हाच ढासळले आहे. पुढचा मंडप पडू नये म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी तो आतून वाळूने भरून बंद करण्यात आला. तिकडे एक दंतकथा सांगतात. बाराशे कारागीर बारा वर्षे खपले, पण कळस काही बसेना. शेवटी एका कारागिराच्या बारा वर्षांच्या मुलाने तो बसवला, आणि बाराशे जणांची अब्रू राहावी म्हणून समुद्रात उडी घेतली. गोष्ट खरी की खोटी, देव जाणे. परंतु राजाचे नाव विसरणारी मुले त्या धर्मपदाचे नाव विसरत नाहीत.

विसाच्या नोटेवर आपले वेरूळ. मुलांना मी आधी विचारते, घर बांधताना सुरुवात कुठून करतात? पायापासून, असे सगळी ओरडतात. मग सांगते की वेरूळचे कैलास लेणे कळसापासून सुरू झाले! आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात हा डोंगर वरून खाली कोरीत आणला. त्यात दगडावर दगड रचलेला नाही. नको तेवढा दगड काढून टाकला आणि उरले ते देऊळ. घाव चुकला तर तो तुकडा परत कुठून आणायचा? आपल्याकडे जुन्या मराठी ग्रंथात अशी कथा आहे की, राणीने शिखर दिसेपर्यंत अन्न न घेण्याचा नेम धरला. राणी उपाशी मरायची, म्हणून पैठणच्या कोकस नावाच्या स्थपतीने शिखरच आधी कोरले. उपास करणाऱ्या आपल्या बायकांना ही कथा पटेल! मंडळाच्या सहलीत आपण तिथे गेलो होतो, तेव्हा सभोवतालच्या कड्यावर छिन्नीचे ओरखडे स्पष्ट दिसत होते. बाराशे वर्षांपूर्वीच्या हातांची ती सही आहे, असे मी मुलांना सांगते.

पन्नासच्या नोटेवर हंपीचा दगडी रथ. विजयनगरच्या विठ्ठल मंदिराच्या अंगणातला हा रथ म्हणजे खरे तर गरुडाचे छोटे देऊळ. एकाच दगडाचा वाटतो, पण अनेक तुकडे जोडून त्यांचे सांधे नक्षीत लपवले आहेत. १५६५ च्या लढाईनंतर ते वैभवशाली नगर लुटले गेले आणि ओस पडले. पंढरीचा विठोबा कृष्णदेवरायाने तिकडे नेला होता आणि एकनाथ महाराजांचे पणजोबा भानुदास यांनी तो परत आणला, अशी आपल्या वारकऱ्यांची श्रद्धा आहे. त्यामुळे पन्नासची नोट हाती आली की आमच्या सासूबाई आधी ती कपाळाला लावतात, मग खर्च करतात.

शंभराच्या नोटेवर जे आहे, ते पाहून मला स्वतःला फार आनंद झाला. गुजरातेतील पाटणची ही राणी की वाव, म्हणजे राणीची विहीर. अकराव्या शतकात सोळंकी राजा भीमदेव वारला आणि त्याच्या राणीने, उदयमतीने, ही विहीर त्याच्या स्मरणार्थ बांधवली. पतीच्या आठवणीत काय बांधावे? तिने पाणी बांधले! चौसष्ट मीटर लांब, सत्तावीस मीटर खोल, सात मजले जमिनीच्या पोटात. भिंतींवर विष्णूचे अवतार, आणि शृंगार करणाऱ्या स्त्रिया. कोसभर चालून डोक्यावरून पाणी आणण्याचे दिवस आपल्यापैकी पुष्कळ जणींनी पाहिले आहेत. एकेक पायरी उतरून सावलीत, गारव्यात, पाण्यापर्यंत जाण्याचे सुख काय ते आपणच जाणू. पुढे सरस्वती नदीच्या पुराच्या गाळाने ही वाव बुजून गेली. विसाव्या शतकात पुरातत्त्व खात्याने गाळ उपसला, तेव्हा मूर्ती जशाच्या तशा निघाल्या. ज्या गाळाने तिला गाडले त्यानेच तिला जपले. २०१४ साली युनेस्कोने तिला जागतिक वारशाचा मान दिला.

पाचशेच्या नोटेवरचा दिल्लीचा लाल किल्ला मुलांना आधीच ठाऊक असतो; पंधरा ऑगस्टला पंतप्रधान तिथूनच बोलतात. शाहजहानने तो १६४८ साली पुरा केला. १८५८ साली शेवटच्या बादशहावर, बहादूरशहावर, खटला तिथेच चालला आणि १९४५ साली आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवरचाही तिथेच. आपल्या मराठ्यांचाही त्याच्याशी संबंध आहे. १७६० साली पानिपतच्या वाटेवर सदाशिवरावभाऊंनी दिवाण-ए-खासच्या छताची चांदी उतरवून तिची नाणी पाडली, कारण फौजेला द्यायला पैसा नव्हता. मुले विचारतात, हे बरोबर की चूक? मी सांगते की चार महिने पगार न मिळालेला शिपाई आणि ज्याच्या छताची चांदी गेली तो बादशहा, दोघांनाही विचारून पाहा.

दोनशेची नोट मी मुद्दाम मागे ठेवली आहे. तिच्यावर मध्य प्रदेशातील सांचीचा स्तूप आहे. मूळ स्तूप सम्राट अशोकाच्या काळचा, म्हणजे सव्वादोन हजार वर्षांपूर्वीचा. त्याचे दगडी कठडे आणि नक्षीदार तोरणे मात्र नंतरची, आणि ती राजाच्या खजिन्यातून झालेली नाहीत. लोकांनी दिलेल्या लहानलहान देणग्यांतून झाली. कुणी एक फरशी दिली, कुणी एक खांब, कुणी कठड्याची एक आडवी पट्टी. आणि ज्याने जे दिले त्यावर त्याचे नाव कोरले. असे सहाशेहून अधिक लेख तिथे आहेत. त्यांत व्यापारी आहेत, विणकर आहेत, भिक्षुणी आहेत, संसारी स्त्रिया आहेत. कुणी आपल्या नावाने, कुणी केवळ 'अमक्याची आई' म्हणून. दक्षिणेकडच्या तोरणाचे काही काम विदिशेच्या हस्तिदंताच्या कारागिरांनी केले, असेही तिथे लिहिलेले आहे.

आणि याच्यापुढची गोष्ट ऐका. अशोकाचे शिलालेख देशभर उभे होते, पण ती ब्राह्मी लिपी वाचणारा कुणी उरला नव्हता. एवढा मोठा सम्राट, पण त्याचे बोलणे मुके झाले होते! कलकत्त्याच्या टांकसाळीत जेम्स प्रिन्सेप नावाचा अधिकारी होता. १८३७ साली सांचीच्या लेखांचे ठसे त्याच्यापुढे आले. त्याच्या ध्यानात आले की या तुटक ओळींपैकी पुष्कळ ओळींच्या शेवटी तीच दोन अक्षरे आहेत. देवळात लोक काय लिहून ठेवतात? अमक्याचे दान! ती अक्षरे 'दानं' अशी लागली, आणि त्या किल्लीने साऱ्या लिपीचे कुलूप उघडले. सम्राटाचे मोठमोठे लेख वाचता आले ते या सामान्य माणसांच्या, कुणाच्या तरी आईच्या, एका ओळीच्या दानामुळे.

पुढे खजिन्याच्या शोधात लोकांनी हा स्तूप खणून त्याची नासधूस केली. फ्रेंचांना तर त्याचे एक तोरण उचलून पॅरिसला न्यायचे होते. शेवटी प्लॅस्टरच्या प्रतिकृतीवर भागले. भोपाळच्या शाहजहाँ बेगम आणि सुलतान जहाँ बेगम या राज्यकर्त्या स्त्रियांनी स्तूपाच्या जतनासाठी पैसा दिला. १९१२ ते १९१९ या काळात जॉन मार्शल यांच्या देखरेखीखाली त्याची मोठी दुरुस्ती झाली.

मुलांना मी एवढेच बजावते की, या वास्तू राजाच्या होत्या तेव्हा होत्या, आता आपल्या आहेत. भिंतीवर खिळ्याने नाव कोरणे म्हणजे आपल्याच घराची भिंत खरवडणे. कायद्यानेही त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊ शकते. सांचीलाही लोकांची नावे कोरलेली आहेत, मग ती कशी चालतात, असे एका चौथीतल्या मुलीने मला विचारले. मी म्हटले, बाळ, त्यांनी आधी दगड दिला, मग नाव घातले.

भगिनींनो, या स्मरणिकेच्या शेवटच्या पानांवर देणगीदारांची यादी छापली आहे. त्यात अकरा रुपये देणारी आहे आणि एक्कावन्न रुपये देणारीही. ती पाने वगळून पुढे जाऊ नका. आपली मुले जवळ बसवा, त्यातली नावे मोठ्याने वाचा, आणि मग त्यांच्या हातात दोनशेची एक नोट द्या. पाठ वर करून.