आधी जीव, मग पंचनामा

आमच्या भागात पूर्वी कुणी गाडीखाली आलं, कुणी एंड्रीन प्यालं, की बघ्यांतून पहिला शब्द निघायचा, ‘पोलीस केस हाय, हात लावू नका.’ बैलगाडीत घालून तालुक्याला नेलं, तरी खासगी डॉक्टर दारातूनच सांगायचा, ‘सरकारीत न्या.’ त्याला कोर्टाच्या चकरांची धास्ती. जखमी तिथंच गाडीत कण्हत पडलेला.

हे खेड्यातच होतं असं नाही. एका स्कूटरवाल्याला मोटारीनं उडवलं. एका भल्या माणसानं त्याला जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथं उत्तर मिळालं, असल्या केसी इथं घेत नाहीत, 20 किलोमीटरवर न्या. तो वाटेतच गेला. पेपरातली ही बातमी घेऊन परमानंद कटारा सुप्रीम कोर्टात गेले. 28 ऑगस्ट 1989 ला निकाल लागला. डॉक्टर सरकारी असो का खासगी, त्यानं आधी जीव वाचवायचा, पोलिसांचे कागद नंतर. आधार घटनेच्या 21 व्या कलमाचा, जगण्याच्या हक्काचा.

डॉक्टरचं ठरलं, पण उचलून नेणाऱ्याचं काय? त्यालाच चौकीवर बसवून उलटतपासणी. त्याला नाव-गाव सांगायची सक्ती नाही, हे कोर्टाकडून पक्कं व्हायला 2016 उजाडलं. 27 वर्षं! मोटार वाहन कायद्यात त्याला संरक्षण आलं 2019 च्या दुरुस्तीनं.

मदत करणाऱ्याच्या हक्कांचा फलक दवाखान्याच्या दारात लावायचा, असाही नियम आहे. तालुक्याला गेलो की मी तो हुडकतो. एका ठिकाणी सापडला. त्यावर औषध कंपनीचं कॅलेंडर टांगलं होतं.