दंडावरच्या देवीच्या खुणेची कुळकथा

मुळशी खोऱ्यात भातलावणी सुरू झाली की बाया-माणसं बाह्या वर सारून खाचरात उतरतात. त्यांतल्या साठीच्या पुढच्यांचे दंड बघावेत. एक गोल खूण दिसते. मध्ये जरा खोलगट, कातडी पातळ आणि चकचकीत, लव उगवत नाही. ‘लहानपणी देवी काढल्या होत्या,’ एवढंच ती माणसं सांगतात. शेजारी रोपं लावणाऱ्या तिशीतल्या सुनेच्या दंडावर ती नसते. देशातला देवीचा शेवटचा रुग्ण 1975 सालचा. 1980 साली हा रोग जगातूनच गेल्याचं जाहीर झालं आणि टोचणी इतिहासजमा झाली.

ही खूण देवीच्या विषाणूची नव्हे, त्याच्या भावकीतल्या, देवीच्या लसीत असलेल्या व्हॅक्सिनिया विषाणूची. आपल्याकडे ती लस आली मुंबईत. बगदाद-बसऱ्याच्या वाटेने आलेली लस 14 जून 1802 रोजी अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली. तिच्या फोडातली लस दुसऱ्याच्या दंडावर, त्याची तिसऱ्याच्या, अशी ती माणसामाणसांतून देशभर गेली. पुढे ती वासरांच्या आणि रेडकांच्या कातडीवर वाढवू लागले. बेळगावात टिळकवाडीतला व्हॅक्सिन डेपो त्याच काळातला. मुंबई इलाख्याला तिथून लस जायची.

जेन्नरने 1796 साली गायीच्या देवीपासून सुरुवात केली, असं आपण शाळेत शिकलो. पण लसीतला विषाणू गायीच्या देवीचा नाही, हे अ‍ॅलन डाउनी यांनी 1939 साली दाखवलं. 1902 सालच्या एका अमेरिकी लसीचा जनुकीय अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला, तेव्हा तिचं जवळचं नातं घोड्याच्या देवीशी निघालं. ज्याने कोट्यवधी जीव वाचवले त्याचं मूळ कुळ असं उशिरा हाती लागलं.

त्याहून उशिरा कळली ती त्याची चाल, आणि मला या कथेत सगळ्यांत मोलाची वाटते ती हीच. विषाणूला स्वतःची हालचाल नाही. व्हॅक्सिनियाचा कण सुमारे 360 नॅनोमीटर लांब, म्हणजे विषाणूंमध्ये थोराड. पेशीचं अंतरंग प्रथिनांनी इतकं दाटलेलं असतं, की नुसते धक्के खात 10 मायक्रॉन सरकायला अशा कणाला पावणेसहा तास लागतील, असा हिशेब मांडलेला आहे. मग तो बाहेर पडतो कसा? पेशीच्याच सांगाड्यावरून. हा सांगाडा म्हणजे पोकळ सूक्ष्मनलिका आणि अ‍ॅक्टिन या प्रथिनाचे बारीक तंतू. तो सतत जुळत आणि सुटत असतो. सूक्ष्मनलिकांवरून कायनेसिन नावाचं प्रथिन हमालासारखं पेशीतला माल वाहतं. नवा तयार झालेला विषाणू जादा आवरण पांघरतो, त्या आवरणातलं ए36 हे प्रथिन कायनेसिनला धरतं, आणि तासांचा प्रवास मिनिटभरावर येतो.

पेशीच्या कडेला पोचल्यावर तो बाहेर पडतो, पण पृष्ठभागाला चिकटून राहतो. त्याच्या बरोबर खाली, पेशीच्या पटलात, ए36 मागे उरलेलं असतं. पेशीचंच एक विकर त्याच्यावर फॉस्फेट चढवतं आणि तिथे अ‍ॅक्टिनचे तंतू भराभर वाढू लागतात. तंतूंची शेपटी लांबते, तिच्या टोकावरचा विषाणू शेजारच्या पेशीत ढकलला जातो. सॅली कडमोर, पास्कल कोसार्त, गॅरेथ ग्रिफिथ्स आणि मायकेल वे यांनी ही चाल 1995 साली ‘नेचर’मध्ये मांडली. आधी वाटलं होतं, शेपटी पेशीच्या पोटातच फुटते. ती पटलाशी फुटते हे 2001 सालापर्यंत स्पष्ट झालं. 2010 साली लंडनमध्ये आणखी एक गोष्ट दिसली: आधीच लागण झालेल्या पेशीवर विषाणू उतरला, तर तिच्या अ‍ॅक्टिनच्या जोरावर तो पुढच्या निरोगी पेशीकडे लोटला जातो. टोचल्या जागेपासून फोड चहूबाजूंनी गोल पसरतो, त्यामागे शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे जाण्याची हीच रीत आहे.

देवी संपली, पण व्हॅक्सिनियाचं कुळ संपलं नाही. म्हशींच्या सडांवर फोड आणणारा विषाणू त्याच वंशातला; लसीतूनच तो कधीतरी जनावरांत गेला असावा, असा अभ्यासकांचा कयास आहे. फेब्रुवारी ते एप्रिल 2009 मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या कासेगावात 166 माणसांना आणि कोल्हापूरच्या 21 गावांत 185 जणांना ही लागण झाली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने या साथीचा अभ्यास केला. म्हशीचं दूध काढणाऱ्याच्या हातावर फोड येतात, ताप येतो, काखेत गाठ दुखते. देवी काढलेली पिढी मागे पडत चालली आहे, आणि दुभती जनावरं मुळशीतही घरोघर आहेत. म्हणून म्हशीच्या सडावर फोड दिसले तर उघड्या हाताने धार काढू नये आणि पशुवैद्यकाला बोलवावं.

याच भावकीतल्या विषाणूंवरचं टेकोव्हिरिमॅट हे औषध अमेरिकेत 2018 साली मान्य झालं. ते विषाणूला मारत नाही, त्याची वाढही रोखत नाही. जादा आवरण पांघरायला लागणारं एफ13 हे प्रथिन ते निकामी करतं. आवरण नाही म्हणजे ए36 नाही, कायनेसिन हाती लागत नाही, शेपटी फुटत नाही. विषाणू पेशीत तयार होतो आणि तिथेच अडकून पडतो.