मनगटावरची ठेव: घड्याळ म्हणजे सोनं का?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा मजकूर. बोलताना आलेले "बरं का" आणि "म्हणजे कसंय" थोडे कमी केलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय एका श्रोत्याच्या निरोपातून आलाय. आधी पार्श्वभूमी सांगतो. मी बावड्याचा. कोल्हापूरचा कसबा बावडा नव्हे, गगनबावडाही नव्हे. आमचं बावडा इंदापूर तालुक्यात, इंदापूर-अकलूज रस्त्यावर. तुकोबांची पालखी इंदापूरहून सराटीकडे जाते ती आमच्या गावावरून. याच पालखी मार्गाच्या रुंदीकरणात या पट्ट्यातल्या बऱ्याच जणांच्या जमिनी गेल्या आणि मोबदला आला. आमचा हा श्रोता त्यातलाच. त्याने लिहिलंय, "दादा, थोडे पैसे एका स्विस घड्याळात घालावे म्हणतोय. मी वापरीन, पुढे पोराला देईन. सोन्यासारखीच ठेव आहे म्हणतात. खरं आहे का?"

मी काही गुंतवणूक सल्लागार नाही. पण आपल्याकडे घड्याळ "ठेव" कधी होतं, कधी नव्हतं, आणि त्याची किंमत नेमकी कशावर टिकून होती, हा इतिहासाचा प्रश्न आहे. तो आपण बघूया.

पाण्याची पाळी आणि कारखान्याचा भोंगा

घड्याळाआधी गावात वेळ नव्हती असं नाही. लग्नाचा मुहूर्त घटिकापात्रावर धरायचे. तळाला बारीक भोक असलेली वाटी पाण्यात सोडायची, ती भरून बुडाली की एक घटका झाली, म्हणजे २४ मिनिटं. अशा ६० घटकांचा एक दिवस. ही वेळ भटजींच्या हातात होती आणि सगळ्या गावासाठी एकच होती.

मिनिटांची गरज पडली ती शेतात आणि कारखान्यात. १८८० च्या दशकात नीरा डावा कालवा आला आणि तालुक्यात पाटाच्या पाण्याची पाळी सुरू झाली. पाळी आली की तासांचा हिशेब आला. रात्री दोन वाजता बारं फिरवायचं, पण दोन वाजले हे ठरवायचं कुणी? पुढे १९३० च्या दशकात वालचंद हिराचंद यांनी कळंबजवळ साखर कारखाना उभा केला, त्याचं वालचंदनगर झालं. पाळ्या सुरू झाल्या आणि भोंगा वाजायला लागला. ज्याच्या कानावर भोंगा पडत नव्हता, त्याला घड्याळवाला माणूस गाठावा लागायचा. घड्याळवाल्या माणसाचा मान तिथून सुरू झाला.

त्या काळात देशाची वेळसुद्धा एक नव्हती, हेही सांगून ठेवतो. भारतीय प्रमाणवेळ १९०६ पासून आहे, पण मुंबई शहराने आपली जुनी "मुंबई वेळ" १९५५ पर्यंत सोडली नाही. दोन्हींत ३९ मिनिटांचा फरक. मुंबईहून आलेल्या पाहुण्याचं घड्याळ मागे दिसलं, तर ते बिघडलेलंच असेल असं नव्हतं!

तबकडीवर "बॉम्बे"

मनगटी घड्याळ सुरुवातीला बायकांचा दागिना समजलं जायचं, पुरुष खिशात साखळीचं घड्याळ ठेवायचे. पहिल्या महायुद्धाने हे बदललं. एका हातात बंदूक आणि दुसऱ्या हाताने खिशातलं घड्याळ काढायचं, हे खंदकात जमेना. युद्ध संपेपर्यंत मनगटी घड्याळ मर्दानी वस्तू झाली.

आपल्याकडे तेव्हा दोन स्विस नावं मोठी होती. एक वेस्ट एंड वॉच कंपनी. १८८६ पासूनचं हे नाव, आणि मुंबई-कलकत्त्यात त्यांचा व्यापार. त्यांच्या जुन्या तबकड्यांवर "बॉम्बे" आणि "कलकत्ता" छापलेलं दिसतं. त्यांच्या गाजलेल्या घड्याळाचं नाव होतं "सोवार". हा आपलाच "स्वार" शब्द, घोडेस्वारातला. दुसरं नाव फेवर ल्यूबा. ही १७३७ पासूनची स्विस कंपनी १८६५ पासून भारतात होती. स्वातंत्र्यानंतरच्या दोन-तीन दशकांत डॉक्टर, वकील, बागायतदार यांच्या मनगटावर जे "फेवर लुबा" दिसायचं, ते हेच.

किंमत कायद्याने वाढवली

आता मुद्द्याची गोष्ट. स्वातंत्र्यानंतर परकीय चलन वाचवायचं म्हणून आयातीवर निर्बंध आले. स्विस घड्याळ सरळ मार्गाने मिळणं अवघड झालं आणि ते मुंबईच्या किनाऱ्यावर चोरट्या मार्गाने उतरायला लागलं. सरकारला याची केवढी काळजी होती ते कायद्यात दिसतं. १९६२ चा सीमाशुल्क कायदा, कलम १२३. साधा नियम असा की गुन्हा सरकारने सिद्ध करायचा. पण या कलमात ज्या वस्तूंची नावं आहेत, त्या तस्करीच्या संशयावरून जप्त झाल्या तर "हा माल चोरटा नाही" हे आपण सिद्ध करायचं. त्या यादीत सोनं आहे आणि सोन्याच्या जोडीला घड्याळं आहेत.

म्हणजे कायद्याच्या नजरेत त्या काळी घड्याळ खरोखरच सोन्याच्या शेजारी बसलेलं होतं! पण ते कशामुळे? त्यातल्या पोलादामुळे नाही, कारागिरीमुळेही नाही. दार बंद होतं म्हणून. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९६१: एकाच वर्षी दोन गोष्टी

दार बंद केलं तर आत काहीतरी बनवायला हवं. बंगळूरच्या हिंदुस्थान मशीन टूल्सने, म्हणजे आपल्या एचएमटीने, १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने घड्याळाचा कारखाना सुरू केला. जनता, पायलट, सोना, कोहिनूर, कांचन ही नावं आजही पन्नाशीच्या पुढच्या माणसाला तोंडपाठ असतात. मागणी एवढी की घड्याळासाठी थांबावं लागायचं. कारखान्यातून निवृत्त होणाऱ्याला, मॅट्रिक झालेल्या पोराला, नव्या जावयाला द्यायचं ते एचएमटी.

जावयावरून आठवलं. १९६१ मध्येच हुंडा प्रतिबंधक कायदाही लागू झाला. कायदा झाला, पण "सायकल, घड्याळ, अंगठी" ही मागणी काही थांबली नाही. घड्याळासाठी नवरदेव रुसल्याच्या गोष्टी प्रत्येक गावात आहेत, आणि त्या हसत हसत सांगतात. पण त्या घड्याळासाठी मुलीच्या बापाने काय विकलं, हे कुणी सांगत नाही. मनगटावरच्या ठेवीचा इतिहास सांगायचा तर ही बाजूही सांगायला हवी.

दार उघडलं

२५ डिसेंबर १९६९ ला टोकियोत सायको कंपनीने "अ‍ॅस्ट्रॉन" बाजारात आणलं. जगातलं पहिलं विक्रीला आलेलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ. किंमत साडेचार लाख येन, तेव्हा छोट्या मोटारीएवढी. पण पुढे क्वार्ट्झ झपाट्याने स्वस्त झालं. चावीच्या घड्याळाचं चक्र सेकंदाला पाचेक ठोके देतं, क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. अचूकतेत सामनाच नव्हता. स्वित्झर्लंडच्या घड्याळ उद्योगातल्या नोकऱ्या १९७० मध्ये सुमारे ९० हजार होत्या, त्या १९८० च्या दशकात जवळपास एक तृतीयांशावर आल्या.

आपल्याकडे टाटा आणि तमिळनाडू सरकारच्या महामंडळाने मिळून १९८४ मध्ये टायटन काढली. १९८७ पासून दुकानात क्वार्ट्झ घड्याळं आली: पातळ, सुबक, चावी द्यायची कटकट नाही. १९९१ नंतर आयातीची दारंही हळूहळू उघडली. आणि मग काय झालं? ज्या "फेवर लुबा"साठी माणसं जीव टाकायची, ते कपाटात गेलं. पोरांनी ते खेळायला घेतलं, कुणी बोहारणीला दिलं. जे कालपर्यंत सोन्याच्या शेजारी होतं, त्याला भंगाराचा भाव आला. सोन्याचं कधी असं झालं नाही.

एचएमटीही टिकली नाही. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. गंमत अशी की बंद होणार म्हटल्यावर "पायलट" आणि "जनता"ची मागणी उसळली. पुन्हा तेच! वस्तू तीच, फक्त आता मिळणार नाही.

घड्याळजीशिवाय घड्याळ नाही

किंमत कमी-जास्त होऊ दे, घड्याळ चालू कशावर राहतं? माणसावर. आमच्याकडे आजोबांचं एचएमटी अजून चालतंय, कारण एसटी स्टँडजवळच्या एका घड्याळजींनी ते दर चार-पाच वर्षांनी उघडून साफ केलंय. पावसाळ्यात काचेआड वाफ धरली की त्याच दिवशी त्यांच्याकडे पळायचं, हा आमच्या घरचा नियम. आत ओल राहिली की गंज धरतो आणि मग काही खरं नाही.

चावीच्या घड्याळात नेमकं काय होतं ते सांगतो. आत एक गुंडाळलेली स्प्रिंग असते. ती उलगडताना चाकं फिरवते आणि शेवटचं चक्र, बॅलन्स व्हील, इकडून तिकडे झुलत वेळ मोजतं. ताशी १८,००० ठोके धरले तर दिवसाला ४,३२,००० होतात. चाकांचे आस झिजू नयेत म्हणून ते कृत्रिम माणकाच्या खड्यांत बसवतात. तबकडीवरचं "१७ ज्वेल्स" म्हणजे हे १७ खडे. ते दागिन्याचे नाहीत, त्यांना मोल म्हणाल तर काहीच नाही. या खड्यांत घातलेलं तेलाचं थेंबुटं काही वर्षांत सुकतं. सुकल्यावरही घड्याळ चालतच राहतं, आणि धोका तिथेच आहे. चालतंय म्हणून माणूस दाखवत नाही आणि आत धातू झिजत जातो. घड्याळ दिवसाला दहा-पंधरा सेकंद मागे-पुढे गेलं तर घाबरू नका. एकदम मिनिटांनी मागे पडायला लागलं, तर उघडून घ्या.

एचएमटीचा फायदा असा की ते इतकं विकलं गेलं की मेलेल्या घड्याळातून काढलेला भाग जिवंत घड्याळाला बसतो, आणि तालुक्याच्या जुन्या कारागिरालाही ते पाठ आहे. महागड्या स्विस घड्याळाचं उलटं आहे. अनेक कंपन्या सुटे भाग बाहेरच्या कारागिराला देतच नाहीत. म्हणजे पुणे-मुंबईचं अधिकृत केंद्र, ते सांगतील तेवढे महिने आणि ते सांगतील तो खर्च. मध्यम एचएमटीच्या किमतीच्या कितीतरी पट पैसे एका सर्व्हिसिंगला जातात. हा खर्च "पोराला देईन" या हिशेबात धरायलाच हवा.

नवी तबकडी, जुनी फसवणूक

आता संग्रहाबद्दल. २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात अभिनेता पॉल न्यूमन यांचं स्वतःचं रोलेक्स डेटोना १ कोटी ७७ लाख डॉलरला गेलं. त्या तबकडीचं डेटोना नवं होतं तेव्हा दुकानात पडून राहायचं, फारसं कुणी घेत नव्हतं. पुढे किंमत आली ती त्याच्या मालकामुळे आणि तबकडी मूळची राहिल्यामुळे.

आपली सवय नेमकी उलटी. जुन्या वाड्याला ऑइलपेंट फासावा तशी जुनी तबकडी आपण रंगवून घेतो. घरच्या वापरासाठी त्यात वाईट काही नाही. पण याचाच धंदा झाला. तीन घड्याळांचे भाग एकात घालायचे, तबकडी भडक रंगवायची, वर मोठं नाव छापायचं आणि ऑनलाइन विकायचं. जगभरच्या संग्राहकांत अशा घड्याळाला "मुंबई स्पेशल" म्हणतात. आपल्या राजधानीचं नाव असं रूढ व्हावं, याचं वाईट वाटतं. तेव्हा पन्नास वर्षांचं घड्याळ आणि तबकडी कालची दिसली, तर हात आखडता घ्या.

आणि पावती जपा. १९६० च्या दशकात पावती कस्टमपासून वाचवायची, आज तोच कागद आणि मूळ डबी विकताना किंमत वाढवते.

तर मग, सोनं का?

श्रोत्याला माझं उत्तर असं. आपल्या भागात घड्याळाची किंमत चढली ती प्रत्येक वेळी कुणीतरी दार बंद केलं म्हणून. आधी सरकारने आयात रोखली. मग एचएमटीला पुरवठा जमेना. आज मोठ्या स्विस कंपन्यांच्या काही मॉडेलसाठी प्रतीक्षा यादी असते. किल्ली दुसऱ्याच्या हातात आहे. २०२२ च्या सुरुवातीपर्यंत जुन्या रोलेक्सचे भाव आभाळाला भिडले होते, त्याच वर्षी ते खाली यायला लागले. शिवाय एप्रिल २०२५ पासून १० लाखांवरच्या घड्याळावर दुकानदार १ टक्का टीसीएस घेतो. तो विवरणपत्रात वळता होतो, पण खरेदीची नोंद होते.

सोनार सोनं वितळवून तोळ्याचा भाव देतो, घड्याळ वितळवून काहीच मिळत नाही. म्हणून गेलेल्या जमिनीच्या बदल्यात ते घेऊ नका. जमिनीच्या जागी जमीन, पोराचं शिक्षण, नाहीतर सोनंच. हौस म्हणून घ्यायचं असेल तर जरूर घ्या, पण ते उघडणारा हात आपल्या आवाक्यात आहे का हे आधी बघा. आणि घरच्या कपाटात आजोबांचं बंद पडलेलं एखादं असेल, तर या आठवड्यात घड्याळजीकडे न्या. ते हात आता फार उरलेले नाहीत, आणि त्यांची पुढची पिढी सेल बदलण्यापलीकडे शिकलेली नाही. वारसा जायचा तर तिथून जातोय.

तुमच्या घरच्या घड्याळाची गोष्ट असेल तर पाठवा, पुढे कधीतरी वाचून दाखवीन. भेटू पुढच्या भागात. राम कृष्ण हरी.