ऱ्हाइनकांठची भागीदारी

नदीचें मूळ आणि ऋषीचें कूळ शोधूं नये, असा आपल्याकडे दंडक आहे. ऱ्हाइन नदीच्या मुखाशीं राहणाऱ्या डच बागाईतदारांना मात्र तो मोडावा लागला. त्यांच्या कांचगृहांतील रोपें नदीच्या पाण्यावर पोसलीं जात, आणि त्या पाण्यांतलें मीठ रोपांना बाधूं लागलें. हें मीठ सगळें समुद्राचें असतें, तर दैवाला बोल लावून ते स्वस्थ बसते. परंतु तें वरूनही येत होतें. त्याचा माग काढीत गेलें असतां दोन राष्ट्रसीमा ओलांडून फ्रान्सच्या अल्सेस प्रांतांतील पोटॅशच्या खाणींपाशीं जावें लागे. आपल्या दारांतील पाण्याचा न्याय कोणाच्या दारीं मागावयाचा? हा प्रश्न ऱ्हाइनकांठीं दीर्घकाळ निरनिराळ्या रूपांनीं उभा राहिला, आणि त्याचें उत्तर शोधतां शोधतांच तेथली भागीदारी घडत गेली.

ही नदी स्वित्झर्लंडच्या पहाडांत उगम पावते आणि सुमारें १,२३० किलोमीटर वाहून हॉलंडमध्यें उत्तर समुद्राला मिळते. स्वित्झर्लंड, लिक्टेनस्टाइन, ऑस्ट्रिया, जर्मनी, फ्रान्स आणि हॉलंड यांच्या भूमीला तिचा कांठ लागतो. उपनद्या धरल्या तर लक्झेंबर्ग, बेल्जम आणि इटलीचा एक लहानसा कोपराही तिच्या खोऱ्यांत येतो. १८७० पासून १९४५ पर्यंत फ्रान्स आणि जर्मनी यांनीं याच नदीच्या दोन्ही तीरांवर तीनदां शस्त्रें उपसलीं. असला हा शेजार! तरी एका बाबतींत या मंडळींचें फार लवकर जमलें होतें. नेपोलियनच्या पाडावानंतर १८१५ सालीं भरलेल्या व्हिएन्ना परिषदेनें ऱ्हाइनवरील नौकानयनासाठीं एक मध्यवर्ती मंडळ ठरवून दिलें, आणि पुढच्याच वर्षीं माइन्त्स येथें त्याची पहिली बैठक झाली. तें मंडळ आजही चालूं आहे. जकातीवरून कुरकूर झाली, तंटे झाले. पण नावा चालण्यांत सर्वांचाच लाभ असल्यानें करार टिकला. पाण्याच्या आरोग्याची गोष्ट तशी नव्हे. घाण टाकण्याची सोय वरच्याची, आणि ती पिण्याची पाळी खालच्यावर.

नदीचें रूप पालटण्याचा मोठा उद्योग बाडेन संस्थानचा इंजिनियर योहान गॉटफ्रीड टुला यानें १८१७ सालीं आरंभिला. त्या काळीं वरच्या खोऱ्यांतील ऱ्हाइन अनेक फाट्यांनीं, वळणावळणांनीं भटकत असे. पुरांत गांवें वाहून जात आणि दलदलींतून हिंवताप उठे. टुलानें वळणें कापून नदीला एका पात्रांत बांधलें. तो १८२८ त वारला, पण काम १८७६ पर्यंत चाललें आणि बासेलपासून वर्म्सपर्यंतची नदीची वाट ८१ किलोमीटरांनीं कमी झाली. शेतांना जमीन मिळाली, हिंवताप हटला. त्या कांठच्या लोकांनीं त्यास दुवा दिला असल्यास नवल नाहीं. परंतु आंखडलेल्या नदीचा वेग वाढला, तिनें आपला तळ उकरला, भोंवतालच्या भूमींतील पाण्याची पातळी खोल गेली, आणि जो पूर पूर्वीं वरच्या रानांत पसरून विसांवत असे तो आतां खालच्या शहरांच्या वेशीवर लवकर येऊं लागला. वरच्याचें संकट टळलें तें बऱ्याच अंशीं खालीं सरकून.

याच नदींत साल्मन मासा समुद्रांतून अंडीं घालण्यास शेंकडों किलोमीटर वर चढत असे. त्याची संख्या घटूं लागली तेव्हां १८८५ सालीं नदीकांठच्या राष्ट्रांनीं त्याच्यासाठीं एक तह केला. त्यांत मासेमारीवर निर्बंध होते; कारखान्यांचें सांडपाणी आणि नदीवर उभे राहूं लागलेले बंधारे यांना मात्र त्याची झळ लागली नाहीं. कोळ्याचें जाळें आवरणें सोपें, कारखान्याची मोरी आवरणें कठीण! विसाव्या शतकाच्या मध्यास ऱ्हाइनमधून साल्मन नाहींसा झाला होता.

१९५० च्या जुलईंत, महायुद्ध संपून पांचच वर्षें झालीं असतां, हॉलंडच्या पुढाकारानें बासेल येथें स्वित्झर्लंड, फ्रान्स, जर्मनी, लक्झेंबर्ग आणि हॉलंड यांनीं ऱ्हाइनच्या रक्षणासाठीं एक आंतरराष्ट्रीय आयोग स्थापिला. १९६३ सालीं बर्न येथील करारानें त्याला कायद्याचें अधिष्ठान मिळालें. या आयोगाजवळ दंड करण्याची सत्ता नव्हती. पहिलीं कित्येक वर्षें त्यानें केलें तें एवढेंच, कीं नदीचें पाणी कोठें व कोणत्या रीतीनें तपासावें याविषयीं सर्वांचें एकमत घडवून आणलें. वरवर पाहतां हें कारकुनी काम. पण ज्यांना एकमेकांच्या शब्दाचा भरंवसा नव्हता, त्यांना निदान एकमेकांचे आंकडे तरी मान्य झाले. पुढचें सर्व भांडण त्या आंकड्यांच्या आधारानें झालें, आणि म्हणूनच तें मिटूंही शकलें.

मिठाचें प्रकरण याची साक्ष देईल. मीठ टाकणाऱ्यांत जर्मनीच्या कोळसाखाणीही होत्या, पण अल्सेसच्या खाणींचा वांटा सर्वांत ठळक होता. १९७६ सालीं बॉन येथें करार झाला, तो मोठा चमत्कारिक. अल्सेसमधील मीठ कमी करण्याचा खर्च फ्रान्सनें शेंकडा ३०, जर्मनीनें ३०, स्वित्झर्लंडनें ६ आणि ज्याच्या पाण्यांत मीठ येत होतें त्या हॉलंडनें ३४ टक्के सोसावयाचा! ओढ्याच्या खालच्या अंगाला पाणी पिणाऱ्या कोंकरालाच पाणी गढूळ केल्याचा जाब विचारणारा लांडगा इसापनीतींतून सर्वांच्या परिचयाचा आहे. येथें कोंकराकडून वर्गणीही घेतली. इतकें करूनही मीठ जमिनीच्या पोटांत सोडल्यास आपल्या विहिरी नासतील या भीतीनें अल्सेसचे लोक खवळले, आणि १९७९ सालीं फ्रेंच सरकारनें मान्यतेचा ठराव मागें घेतला. हॉलंडनें पॅरिसहून आपला वकील माघारीं बोलाविला. हा करार अंमलांत येण्यास १९८५ साल उजाडलें.

दरम्यान बागाईतदार न्यायालयांत गेले होते. नुकसान जेथें झालें तेथेंही दावा लावतां येतो, असा निर्णय लक्झेंबर्ग येथील युरोपीय न्यायालयानें १९७६ सालीं दिला, आणि १९८८ सालीं डच सर्वोच्च न्यायालयाचा निकाल बागाईतदारांच्या बाजूनें लागला. खाणी २००२ त बंद पडल्या. उरलेल्या वर्गणीच्या हिशेबाचा वाद लवादापुढें गेला आणि २००४ सालीं फ्रान्सनें हॉलंडला रक्कम परत करावी असें ठरलें. कोंकराला उशिरां कां होईना, थोडे पैसे मिळाले.

या संथ कारभाराला धक्का बसला तो १ नोव्हेंबर १९८६ च्या पहाटे. बासेलजवळ श्वाइट्सरहाल येथें सँडोझ कंपनीच्या रसायनांच्या गुदामाला आग लागली; विझविण्यासाठीं मारलेलें पाणी कीटकनाशकें घेऊन नदींत उतरलें, आणि ऱ्हाइन तांबडी झाली. शेंकडों किलोमीटरपर्यंत वामा मेल्या. खालच्या देशांना वेळेवर इशारा न मिळाल्याची तक्रार झाली. त्याच महिन्यांत झूरिक येथें मंत्री जमले, आणि १९८७ च्या ऑक्टोबरांत स्ट्रासबुर्ग येथें एक कार्यक्रम मान्य झाला. विषारी द्रव्यें १९९५ पर्यंत निम्म्यावर आणावयाचीं, आणि सन २००० पर्यंत साल्मन परत आणावयाचा.

मासाच कां निवडला? रसायनांचीं कोष्टकें तज्ज्ञांनाच कळतात. मासा आला कीं नाहीं हें कोणासही दिसतें. शिवाय त्याला केवळ शुद्ध पाणी पुरत नाहीं. समुद्रापासून उपनदीपर्यंत मोकळी वाट आणि तेथें गोट्यांचा स्वच्छ तळ त्यास हवा. यांतील एक दुवा तुटला तरी तो येत नाहीं. कोणाही एका राष्ट्राला एकट्यानें साधणारी ही गोष्ट नव्हती. १९९० सालीं झीग या उपनदींत साल्मन पुन्हां दिसला.

१९९३ आणि १९९५ च्या पुरांनीं टुलाच्या कामाची दुसरी बाजू लोकांपुढें ठेवली. १९९५ त हॉलंडमध्यें सुमारें अडीच लाख माणसांना घरें सोडावीं लागलीं. १९९८ सालीं रॉटरडॅम येथें पुराविषयीं सर्वांची एक योजना ठरली, आणि पुढें हॉलंडनें तीसहून अधिक ठिकाणीं बांध मागें घेऊन किंवा पूरमैदानें खोल करून नदीला जागा करून दिली. ज्यांचीं शेतें त्यांत गेलीं त्यांना हें सुखाचें वाटलें नसेल. खालच्या गांवासाठीं वरच्यानें सोडलेली जमीन ही या भागीदारींतील सर्वांत महाग वर्गणी होय.

माशाची वाट अजून पुरी मोकळी झालेली नाहीं, आणि त्याचीं पिलें नदींत सोडून ही पैदास पोसावी लागते. इफेत्सहाइमच्या धरणाला २००० सालीं आणि गाम्ब्सहाइमच्या धरणाला २००६ सालीं मत्स्यमार्ग झाले. मुखाशीं हारिंगव्हलीटचे दरवाजे समुद्राच्या भरतीच्या वेळींही किंचित् उघडे ठेवण्यास २०१८ त आरंभ झाला. वर राइनाऊ, मार्कोल्सहाइम आणि फोगेल्ग्रून हीं तीन धरणें आहेत. २०२० सालीं ॲम्स्टरडॅम येथें मंत्र्यांनीं २०४० पर्यंतचा जो कार्यक्रम मान्य केला, त्यांत या धरणांवरून वाट काढून साल्मनला बासेलपर्यंत नेण्याचें काम आहे.