पेशींचे विरजण



आम्ही डॉक्टर नव्हे की शास्त्रज्ञ नव्हे. पुलगावच्या गिरणीच्या भोंग्यावर ज्यांचा दिवस उगवे आणि मावळे, अशा नाचणगावच्या घरांतले आम्ही. शाळा अर्ध्यावर सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत, उसनी पुस्तके वाचून झाले. मग पेशीसंवर्धनावर बोलण्याचा आम्हांस अधिकार कोणता? तो आम्हांस एका तंट्याने दिला.

आमच्या एका सभासदाचे महिन्यातून चार-पाच खाडे होत. हाडे ठणकतात, असे तो सांगे. मुकादमाने वहीत 'कामचुकार' असा शेरा मारला आणि रोजी कापली गेली. खरे सांगावयाचे तर आम्हीही मनातून तसेच समजत होतो. पुढे त्याचे रक्त तपासले तेव्हा उलगडा झाला. त्याला सिकलसेल होता.

सिकल म्हणजे विळा. रक्तातील तांबडी पेशी वाटोळी आणि लवचिक असावयास हवी. या रोगात ती विळ्यासारखी वाकडी व ताठर होते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते, आणि मग हाडांत कळा उठतात. आई व बाप या दोघांकडूनही दोष आला तरच हा रोग जडतो. शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये या वाकड्या पेशींचे वर्णन छापले. १९४९ मध्ये लायनस पाउलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, खोट हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. १९५८ मध्ये शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलविषयी 'लॅन्सेट' या विलायती नियतकालिकात लिहिले. अमेरिकेच्या दप्तरी या रोगाची गणना दुर्मीळ रोगांत होते. आमच्या विदर्भातील आदिवासी व दलित वस्त्यांत तो घरोघरी ओळखीचा आहे. तेव्हा दुर्मीळ म्हणजे कोणाच्या हिशेबाने, हा आमचा पहिला प्रश्न आहे.

या रोगावर मुळातून इलाज करण्याची एक रीत अशी की, रोग्याच्या पेशी बाहेर काढून, तेथे जगवून, दुरुस्त करून परत द्यावयाच्या. पेशी शरीराबाहेर जगविण्याची ही विद्या फार जुनी नाही. १९०७ मध्ये अमेरिकेत रॉस हॅरिसन यांनी बेडकाच्या गर्भातील मज्जापेशी लसिकेच्या थेंबात वाढविल्या. आमच्या मायबहिणींना ही रीत समजावून सांगावयास नको. विरजण राखावे तसेच हे काम आहे. ठराविक ऊब, ताजे अन्न, आणि दाटी झाली की त्यातले थोडे नव्या भांड्यात. एक परका जंतू शिरला की सारे नासले. फरक इतकाच की, येथे रविवारची सुट्टीही पेशीला विचारून घ्यावी लागते!

१९५१ मध्ये बाल्टिमोर येथे जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत मानवी पेशींचा पहिला अमर वाण हाती आला. त्या पेशी हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय बाईच्या कर्करोगाच्या गाठीतल्या. तंबाखूच्या शेतात राबलेली ती बाई त्याच वर्षी वारली. तिला कोणी विचारले नव्हते. तिच्या पेशी जगभर गेल्या, विकल्या गेल्या. आणि तिच्या वारसांशी एका कंपनीने समझोता करण्यास २०२३ साल उजाडावे लागले.

याच गे यांच्याकडे आपल्या पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे शिकल्या. मुंबईस परतून त्यांनी इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. पुढे १९८६ मध्ये केंद्र सरकारने पुण्यास विद्यापीठाच्या आवारात पेशीसंवर्धनाची राष्ट्रीय सोय मंजूर केली. तीच आजची राष्ट्रीय पेशी विज्ञान संस्था. तेथे पेशींचे वाण द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर राखतात आणि देशभरच्या संशोधकांना पुरवितात. संशोधकांची नावे निबंधावर येतात. पेशींना वेळच्या वेळी अन्न घालणारा हात मात्र क्वचितच कोणास आठवतो. आम्हां गिरणगावच्या माणसांना हे नवे नाही.

२०२३ च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिका येथे सिकलसेलवरील पहिल्या जनुकसंपादित पेशी-उपचारास परवानगी मिळाली. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे सुमारे १८ कोटी रुपये ठरली! आमच्या त्या सभासदाने सात जन्म मजुरी केली तरी हा आकडा गाठावयाचा नाही. परंतु निराश होण्याचे कारण नाही. मुंबईच्या आय. आय. टी. आणि टाटा स्मारक रुग्णालय यांच्या संशोधनातून रक्ताच्या काही कर्करोगांवरील स्वदेशी पेशी-उपचार निघाला. त्यास २०२३ मध्ये मान्यता मिळाली, आणि तो परदेशी उपचाराच्या मानाने पुष्कळच स्वस्त आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या सरकारी संस्थेने सिकलसेलसाठी 'बिरसा १०१' हा उपचार जाहीर केला. त्याचे तंत्र पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपविले गेले आहे. रोग्यांपर्यंत तो सर्रास पोचावयास अजून अवकाश आहे; त्यात धोकेही आहेत, कारण दुरुस्त पेशी परत देण्यापूर्वी रोग्याच्या हाडांतील जुना मगज कडक औषधाने मोकळा करावा लागतो.

म्हणून आमचे मागणे सरळ आहे. पेशी जगविणारी घरे सार्वजनिक पैशाने उभी राहिली. त्यांत पिकलेला इलाज सरकारी दवाखान्यापर्यंत आला पाहिजे. ज्याच्या पेशी घ्यावयाच्या त्याला आधी विचारले पाहिजे. आणि तोवर आपण रक्त तपासून घ्यावे, लग्न जुळविताना पत्रिकेआधी तो कागद पाहावा, आणि डॉक्टरने दिलेली हायड्रॉक्सीयुरियाची गोळी चुकवू नये.

त्या सभासदाची कापलेली रोजी आम्ही परत मिळवून दिली. वहीतला शेरा खोडण्यास रक्ताचा एक थेंब पुरला. त्याच्या नातवंडांच्या रक्तातला दोष खोडावयाचा तर साऱ्या समाजाने हात लावावयास हवा.