पिवळ्या पानाचा हिशेब



पावसाळा लागला की आमच्या उस्मानपुऱ्यात जिन्यात, भिशीत, मंदिरातून परतताना एक प्रश्न हमखास येतो. "ताई, मनी प्लँटची पानं पिवळी पडतायत, काय घालू?" विचारणारीनं तोपर्यंत काहीतरी घातलेलं असतंच. ताक, चहाचा चोथा, खत, नाहीतर आणखी पाणी. पण "काय घालू" याच्या आधी "का झालं" हे विचारायला हवं. या "का"चं उत्तर शोधायला शास्त्रज्ञांना जवळजवळ शंभर वर्षं लागली, आणि त्यातला एक धडा आपल्याच भागातल्या पानमळ्यांतून आला. तो इतिहास कळला की कुंडीही कळते.

सुरुवात फ्रान्समध्ये झाली. 1843 च्या सुमारास युझेब ग्रिस नावाच्या रसायनतज्ज्ञानं पिवळ्या पडलेल्या पानांना लोहाच्या क्षाराचं पाणी लावून पाहिलं. जिथे पाणी लागलं तिथे पान हिरवं झालं. म्हणजे पिवळेपणा हे झाडाचं म्हातारपणच असतं असं नाही, ती उपासमारही असू शकते. पुढे जर्मनीच्या रिचर्ड विलश्टेटर यांनी दाखवलं की हिरव्या रंगाच्या, म्हणजे हरितद्रव्याच्या कणात मध्यभागी मॅग्नेशियम असतं. वनस्पतींच्या रंगद्रव्यांवरच्या कामासाठी त्यांना 1915 चं नोबेल मिळालं. लोह त्या कणात नसतं, पण तो कण तयार व्हायला लोह लागतं.

मी कॉमर्सची, त्यामुळे मला हे वहीखात्यासारखं दिसतं. नत्र आणि मॅग्नेशियम ही झाडाची फिरती पुंजी. तुटवडा पडला की झाड जुन्या पानातून ती काढतं आणि नव्या पानाला देतं. म्हणून आधी खालची, जुनी पानं पिवळी होतात. लोह मात्र अडकलेल्या ठेवीसारखं, एकदा ज्या पानात गेलं तिथून सहसा हलत नाही. म्हणून लोह कमी पडलं की शेंड्याची नवी पानं पिवळी होतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. पान वेलीवर कुठलं आहे, हे बघितलं की निम्मं निदान झालं.

आपल्या मराठवाड्यात ही लोहाची गोष्ट नवी नाही. उसावर किंवा भुईमुगावर "केवडा पडला" असं शेतकरी म्हणतात, तो बहुतेक वेळा हाच रोग. काळ्या चुनखडीच्या जमिनीत लोह असतं, पण चुन्यामुळे ते मुळांना घेता येत नाही. आपल्या कुंडीत तीच काळी माती, त्यात बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी. म्हणून अंड्याची टरफलं कुंडीत घाला हा सल्ला आपल्या घरात तसाही चालणार नाही, पण तो आपल्या मातीलाही चालत नाही. टरफल म्हणजे चुनाच, आणि चुना आपल्याकडे आधीच जास्त आहे.

आता पानमळ्याचा धडा. रामटेक आपल्याला शांतिनाथ भगवंतांच्या मंदिरामुळे ठाऊक आहे. पण ते गाव विड्याच्या पानासाठीही नावाजलेलं. तिथल्या बारी समाजानं पिढ्यान्पिढ्या नागवेल जपली. तेव्हाच्या मध्यप्रांतात पानमळ्यांना एक रोग लागायचा. पानं पिवळी पडून लोंबायची, जमिनीलगतचं खोड काळं पडायचं आणि वेल जायची. पानावर पोट असलेल्या घराचा तो वर्षाचा संसारच जायचा. जहांगीर फरदुनजी दस्तूर या पारशी वनस्पतिरोगतज्ज्ञांनी त्यावर काम केलं. 1913 मध्ये त्यांनी एरंडावर फायटोफ्थोरा वर्गातली एक नवी बुरशी शोधली होती. 1935 मध्ये मध्यप्रांतातल्या पानवेलीच्या रोगांवर त्यांचा निबंध आला आणि पानवेलीवरच्या प्रकाराला त्यांनी "पायपरिना" नाव दिलं. या बुरशीचे बीजकण पाण्यात अक्षरशः पोहतात. माती चिंब राहिली की ते मुळापर्यंत पोहोचतात. म्हणजे वरून पान तहानलेलं दिसतं, पण खाली मूळ पाण्यातच कुजत असतं. तिथे पाणी वाढवणं म्हणजे रोगालाच वाट करून देणं.

नागवेल मिरीच्या कुळातली, मनी प्लँट अळूच्या. कुळं वेगळी, पण मुळांना हवा दोघींनाही लागते. आपल्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे ज्या दिवशी येतं त्या दिवशी आपण सगळ्या कुंड्यांना भरभरून घालतो. बशीत पाणी साचतं, मुळं गुदमरतात, आणि बशीत डासांच्या अळ्या झाल्या तर ते ओतताना जीवहिंसा होते ती वेगळीच.

म्हणून माझा क्रम असा. आधी बोट मातीत घालायचं. दोन पेरांपर्यंत ओलं असेल तर पाणी बंद, बशी रिकामी. माती ओली आणि तरी पानं मलूल असतील तर वेल उपटून मुळं बघायची. काळी, मऊ मुळं कापायची आणि निचऱ्याच्या, वाळू मिसळलेल्या कोरड्या मातीत लावायची. बुंधाच काळा असेल तर वरची निरोगी गाठ कापून नवी वेल करायची. आजारी मुळांना खत अजिबात नको. माती ठीक आणि जुनी पानं सगळीकडून पिवळी, तर थोडं शेणखत. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, तर लिटरभर पाण्यात 2 ग्रॅम हिराकस आणि लिंबाचे चार थेंब, संध्याकाळी पानांवर फवारायचं. आठवड्यानं पुन्हा. आणि महिन्याकाठी तळाचं एखादंच पान पिवळं होत असेल तर काहीच करायचं नाही, त्याची वेळ झालेली असते.

आमच्या घरची नागवेल सासूबाईंनी लावलेली. त्या गेल्या, मूळ वेलही गेली, पण गाठ कापून लावत लावत तीच वेल आज तिसऱ्या कुंडीत आहे. नातीच्या लग्नात विड्याला तिचीच पानं होती. मैत्रिणींनो, तुमच्याकडेही आई-सासूच्या हातची अशी एखादी वेल असेल. ती पिवळी दिसली तर तांब्या उचलायच्या आधी बोटभर माती बघा.

जय जिनेंद्र.