अरबी समुद्रातले देवमासे आणि खोटी वही

(पोस्ट मोठी आहे. सुट्टीत कोकणात जाणार असाल तर मात्र शेवटपर्यंत वाचा.)

तारकर्ली, देवबाग, दापोलीजवळचं मुरुड, गुहागर. कुठेही गेलात तरी डॉल्फिन ट्रिप चुकत नाही. लाइफ जॅकेट घालायचं, तासाभराचा फेरा मारायचा, पाण्यातून वर आलेली एखादी पाठ दिसली की मोबाइल बाहेर काढायचे. आणि प्रत्येक बोटीत कुणीतरी विचारतंच : "इथे देवमासा दिसतो का हो?"

यंदा आमच्या बोटीतही एका पोराने विचारलं. बोटवाले काका म्हणाले, "असतत, पण भायर, खोल पाण्यात. माझ्या आज्यान बघलेलो. आमका काय गावलो नाय."

मोठे देवमासे किनाऱ्याला लागून फारसे येत नाहीत, हे खरंच आहे. पण आजोबांच्या काळातला अरबी समुद्र आणि आजचा अरबी समुद्र यांत एक मोठा फरक पडलाय. मधल्या काळात या समुद्रात फार मोठी कत्तल झाली. तीही जुन्या जमान्यात नाही, तर १९६३ ते १९६७ या वर्षांत. आपल्यापैकी अनेकांचे आईवडील तेव्हा शाळेत होते. आणि ही कत्तल जवळजवळ तीस वर्षं जगाला ठाऊक नव्हती, कारण ती करणाऱ्यांनी वही खोटी लिहिली होती.

आधी हे मासे कोण ते सांगतो. (देवमासा खरं तर मासा नाही, तो सस्तन प्राणी आहे. पिल्लाला दूध पाजतो. पण शब्द रुळलाय, तोच वापरू.) जगभरातले हंपबॅक जातीचे देवमासे वर्षाला हजारो किलोमीटर प्रवास करतात. ध्रुवाजवळच्या थंड पाण्यात पोटभर खायचं आणि वीण, बाळंतपण यासाठी विषुववृत्ताकडच्या कोमट पाण्यात यायचं, हा त्यांचा नेम. अरबी समुद्रातले हंपबॅक तेवढे असा प्रवास करत नाहीत. ते बारा महिने इथलेच. कारण आपला मान्सून. नैर्ऋत्येचे वारे ओमानच्या किनाऱ्याजवळून वाहताना तळाचं थंड, सत्त्वयुक्त पाणी वर खेचतात. त्यावर प्लवक वाढतं, प्लवकावर छोटे मासे, आणि त्यांच्यावर हे धूड जगतं. खायला घराजवळच मिळत असेल तर ध्रुवावर कशाला जायचं? जनुकीय अभ्यासावरून अंदाज आहे की हा कळप सुमारे ७०,००० वर्षं बाकीच्यांपासून वेगळा राहिलाय. म्हणजे ज्या पावसावर आपली भातशेती, त्याच पावसाच्या वाऱ्यावर यांचा संसार.

आता १९६६ कडे या.

सोव्हिएत रशियाचे दोन देवमासे-शिकारी ताफे काळ्या समुद्रावरच्या ओडेसा बंदरातून दरवर्षी अंटार्क्टिकाला जात. एकाचं मुख्य जहाज 'स्लाव्हा', दुसऱ्याचं 'सोव्हेत्स्काया उक्राइना'. मुख्य जहाज म्हणजे तरंगता कारखानाच. आजूबाजूच्या छोट्या, वेगवान बोटी तोफेतून भाला मारायच्या, मेलेलं जनावर कारखान्याकडे ओढून आणायच्या, आणि मागच्या उतारावरून ते वर घेऊन तासाभरात सोललं जायचं. हे ताफे सुएझ कालवा, तांबडा समुद्र करत अरबी समुद्रातूनच खाली उतरत. म्हणजे अंटार्क्टिकाच्या वाटेवर आपला समुद्र लागायचाच. जाता जाता इथेच हात मारला तर?

त्यांनी तेच केलं. ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या किनाऱ्यासमोर त्यांनी २४२ हंपबॅक मारले. त्यांतले २३८ एकट्या नोव्हेंबर १९६६ मध्ये, अवघ्या काही दिवसांत. त्या चार-पाच हंगामांचा सगळा हिशेब असा : १,२९४ निळे देवमासे, ९५४ स्पर्म व्हेल, ८४९ ब्राइड्स व्हेल आणि हे २४२ हंपबॅक. बेरीज ३,३३९.

निळा देवमासा म्हणजे पृथ्वीवर आजवर झालेला सगळ्यात मोठा प्राणी. तसले बाराशेहून अधिक.

ही शिकार तेव्हाच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणेही बेकायदा होती. म्हणून आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाकडे खोटे आकडे गेले. जहाजावर दोन हिशेब असायचे, एक खरा आणि एक बाहेर दाखवायचा. पुढे १९७२ पासून जहाजांवर दुसऱ्या देशांचे निरीक्षक बसू लागले, तेव्हा हा उद्योग आटोक्यात आला. सोव्हिएत संघ कोसळल्यावर १९९३ मध्ये रशियन शास्त्रज्ञ अलेक्सेई याब्लोकोव्ह यांनी जाहीरपणे सांगितलं की आमचे आकडे बनावट होते. मग जहाजांवर काम केलेल्या जीवशास्त्रज्ञांनी जपून ठेवलेली टिपणं बाहेर आली. नंतरच्या मोजदादीप्रमाणे जगभरात सोव्हिएत ताफ्यांनी मारलेले सुमारे १ लाख ८० हजार देवमासे कुठल्याच अधिकृत आकड्यात नव्हते.

इतके देवमासे मारून त्यांनी केलं काय? याचं उत्तर ऐकून मला तर आपलंच सरकारी कामकाज आठवलं. देवमाशाचं मांस रशियात फारसं कुणी खात नव्हतं. पण पंचवार्षिक योजनेत टनांचं उद्दिष्ट ठरलेलं असायचं. ते पुरं झालं की बोनस, सत्कार. पुढच्या वर्षी उद्दिष्ट आणखी वाढायचं. समुद्रात देवमासे किती उरलेत, हा रकानाच त्या तक्त्यात नव्हता. टार्गेटसाठी केलेलं काम कुठवर जातं, त्याचं एवढं ठसठशीत उदाहरण दुसरं सापडणं कठीण.

आणि यातला सगळ्यात चमत्कारिक भाग पुढे आहे. अरबी समुद्रातले हंपबॅक इथेच राहतात, इथेच वितात, हे जगाला ठामपणे कळलं तेही याच कत्तलीतून. युरी मिखालेव नावाचे जीवशास्त्रज्ञ त्या ताफ्यावर होते. कापलेल्या माद्यांच्या पोटातली पिल्लं किती वाढलेली, जठरात काय सापडलं, याच्या नोंदी त्यांनी ठेवल्या आणि १९९७ मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला. म्हणजे एका वहीने हे प्राणी जगापासून लपवले आणि दुसऱ्या वहीने त्यांची ओळख करून दिली.

आपण तेव्हा काय करत होतो? खरं सांगायचं तर काहीच करण्यासारखं नव्हतं. २०० सागरी मैलांच्या आर्थिक क्षेत्राचा आपला कायदा १९७६ चा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. भारत व्हेलिंग आयोगाचा सदस्य झाला १९८१ मध्ये. त्याआधी १९७९ मध्ये सेशेल्स या चिमुकल्या देशाच्या पुढाकाराने हिंदी महासागर देवमाशांसाठी अभयारण्य ठरला होता, आणि १९८२ मध्ये व्यापारी शिकार थांबवण्याचा ठराव आयोगात मंजूर झाला. पण अरबी समुद्रापुरतं बोलायचं तर तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. ओमानच्या किनाऱ्यावर संशोधकांनी शेपटीचे फोटो जुळवून हंपबॅकची मोजणी केली आणि २०११ मध्ये अंदाज प्रसिद्ध केला. किती असावेत? ८२.

या ८२ मध्ये आपलं काय, असं म्हणाल तर २०१७ ची गोष्ट ऐका. ओमानमध्ये एका मादीला उपग्रहाशी जोडलेला टॅग लावला होता. नाव लुबान. अरबीत लुबान म्हणजे ऊद. ही बाई अख्खा अरबी समुद्र ओलांडून केरळच्या किनाऱ्यापर्यंत आली आणि परत ओमानला गेली. गोव्याजवळच्या समुद्रात पाण्याखालच्या मायक्रोफोनवर हंपबॅकचं गाणंही रेकॉर्ड झालंय. म्हणजे ते आपल्या दारावरून जातात, आपल्याला पत्ता नसतो, एवढंच.

मग आपल्याला पत्ता कधी लागतो? मेल्यावर. जून २०१५, रेवदंडा : ४२ फुटांचा निळा देवमासा किनाऱ्याला लागला आणि मेला. जानेवारी २०१६, जुहू : ब्राइड्स व्हेलचं धूड वाहून आलं. नोव्हेंबर २०२३, गणपतीपुळे : पिल्लू वाळूत अडकलं. स्थानिक लोक, मच्छीमार, वनखातं अशा सगळ्यांनी दोन दिवस जिवाचं रान केलं, टगबोटीने ओढून समुद्रात सोडलं, पण ते जगलं नाही. याशिवाय 'देवमाशाची उलटी' विकताना पकडलेल्या टोळ्यांच्या बातम्या. त्या तर मीही कितीदा दिल्यात. आपल्याकडे देवमाशाची नोंद होते ती पंचनाम्यात नाहीतर एफआयआरमध्ये. जिवंत जनावराची नोंद क्वचित. २०१५ मध्येच सिंधुदुर्गात कुणकेश्वरसमोर संशोधकांना निळे देवमासे जिवंत दिसले, तेव्हा 'शंभर वर्षांनी' असे मथळे आले होते. शंभर वर्षांत ते खरंच आले नव्हते, की आले आणि कुणी लिहून ठेवलं नाही? मला दुसरी शक्यता जास्त वाटते. काकांच्या आजोबांनी पाहिलेला कुठल्या यादीत आहे?

आता जरा न्यूझीलंडला जाऊ. कायकोरा नावाचं छोटं गाव. १८४० च्या दशकात तिथे देवमासे मारण्याचा तळ होता, पुढे ते दिवस सरले. १९८० च्या दशकात रेल्वेतल्या नोकऱ्या गेल्या आणि माओरी कुटुंबांवर बेकारीची पाळी आली. समोरच्या खोल दरीत स्पर्म व्हेल वर्षभर असतात, हे त्यांना माहीत होतं. चार कुटुंबांनी राहती घरं तारण ठेवून कर्ज काढलं आणि १९८७ मध्ये बोट घेतली. आज त्या गावाचं पोट मुख्यतः देवमासे दाखवण्यावर चालतं.

पण तिथले नियम बघा. ३०० मीटरच्या आत एका वेळी तीनपेक्षा जास्त बोटी नाहीत. देवमाशापासून ५० मीटर अंतर. जवळ जाताना वेग इतका कमी की मागे लाट उठता कामा नये. परवाने मोजके. आणि एक गंमत म्हणजे देवमासा दिसलाच नाही तर तिथली कंपनी तिकिटाचे ८० टक्के पैसे परत करते. मला ही नुसती दानत वाटत नाही, यात शहाणपण आहे. पैसे परत मिळणार असतील तर प्रवासी 'अजून जवळ घ्या'चा धोशा लावत नाही आणि बोटवाल्याला जनावराच्या मागे लागावं लागत नाही.

आमच्या ट्रिपला दोन डॉल्फिनभोवती चार बोटी होत्या. चारही बोटींतून ओरडा चाललेला, "काका, जवळ घ्या ना!" याचा दोष मी बोटवाल्याला देणार नाही. त्याचा धंदा पावसाळ्यात बंद, हप्ता बारा महिने चालू. डॉल्फिन नाही दिसला तर आपणच तोंड वाकडं करतो, ऑनलाइन एक तारा देतो. जवळ घेण्याचा आग्रह आपला असतो.

महाराष्ट्रात एक चांगली गोष्ट घडलेली आहे, तीही सांगतो. डिसेंबर २०१८ पासून आपल्याकडे अशी योजना आहे की जाळ्यात संरक्षित प्राणी अडकला आणि मच्छीमाराने जाळं कापून त्याला सोडलं, तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. पुरावा म्हणून फोटो किंवा व्हिडिओ द्यायचा. परिणाम काय झाला? कासवं, बहिरी (व्हेल शार्क) सोडल्याचे व्हिडिओ येऊ लागले. जनावर वाचलं, मच्छीमाराचं नुकसान भरून निघालं, आणि कुठे, कोणत्या महिन्यात, काय सापडतं याची नोंद आपोआप तयार झाली. म्हणजे आपल्या लोकांना नोंद ठेवायला जमत नाही, हे खोटं आहे. कुणी मागितली तर ते देतात.

म्हणून माझी मागणी फार मोठी नाही. डॉल्फिन ट्रिप करणाऱ्या प्रत्येक बोटीवर एक वही असावी. तारीख, वेळ, ठिकाण, काय दिसलं, किती दिसले, पिल्लू होतं का. रोज चार ओळी. कोकण किनाऱ्यावरच्या बोटी हंगामभर रोज समुद्रात असतात, एवढे डोळे कुठल्याही संशोधन संस्थेला परवडणार नाहीत. वनखात्याने आणि मत्स्यव्यवसाय विभागाने महिन्याला ती वही बघावी आणि भरणाऱ्याला त्याबद्दल थोडा मोबदला द्यावा. जोडीला अंतराचा आणि बोटींच्या संख्येचा साधा नियम प्रत्येक जेट्टीवर मराठीत, मोठ्या अक्षरात लावावा. ग्रामपंचायती आणि बोट संघटनांनी मनावर घेतलं तर याला मंत्रालयापर्यंत जायचीही गरज नाही.

आपल्या समुद्रातले ३,३३९ देवमासे गेले तेव्हा हिशेब लिहिणारा मारणाऱ्याच्याच पगारावर होता. आपल्याकडे तर वहीच नव्हती. उरलेल्यांचं काय होतंय, हे निदान आपल्या हस्ताक्षरात असू दे.

सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगडातले कुणी बोटवाले, मच्छीमार हे वाचत असतील तर खाली जरूर लिहा. तुम्ही किंवा तुमच्या घरातल्या जुन्या माणसांनी देवमासा कधी, कुठे पाहिलाय? साल नक्की आठवत नसेल तर 'अमुक वादळाच्या आधी', 'तमक्याच्या लग्नाच्या वर्षी' असं लिहिलंत तरी चालेल. आलेली सगळी उत्तरं एकत्र करून मी वनखात्याकडे देणार आहे.